आखाजीला घरी आलेली गाडी

ही गोष्ट रात्रीची नाही, आधीच सांगतो.

भर दुपारची आहे. डोक्यावर ऊन, रस्त्यावर ट्रक, शेतात माणसं. तरीही जे घडलं ते घडलं. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं, मी कुणाच्या हातापाया पडायला बसलेलो नाही. मलाच कुणी वर्षभरापूर्वी हे सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दहा मे २०२४, शुक्रवार. आखाजीचा दिवस. ठिकाण सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव. वेळ दुपारी साडेबारा.

त्या वेळी ती गाडी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

मी चंदन. आमची केळीची शेती. सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटला तेव्हा माझा डावा गुडघा गेला. आत सळई आहे, पाय वाकत नाही. क्लच दाबता येत नाही म्हणजे साधी गाडी चालवता येत नाही. तोवर त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

अडलं ते नूतनचं.

नूतन माझी बायको. चाळीसगावची. दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. मंगळवार आणि शनिवार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. भुसावळला नंबर लागला नाही, जळगावला लागला, दुपारी एकचा. सावद्याहून फैजपूर, मग भुसावळ, मग जळगाव. येताना तिच्या अंगात त्राण उरायचं नाही. एसटीत दोनदा चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यांच्या गाड्या मागून झाल्या. पण माणूस एकदा मागेल, दोनदा मागेल. तिसऱ्यांदा समोरच्याचं तोंड आपल्याला आधीच सांगतं.

म्हणून ऑटोमॅटिक गाडी. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी. लांबचं पळायचं, म्हणून डिझेल.

धुळ्याला हायवेवर एका डीलरकडे मिळाली. पांढरी, सहा वर्षं वापरलेली. नवल नावाचा माणूस होता, जिभेवर साखर ठेवूनच बोलायचा.

"भाऊ, गाडी बठ्ठी ओके शे," तो म्हणाला. "गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम शे, बदलावं लागत नाही. तुम्ही फक्त डिझेल टाका आनि पळा."

"आधीचा मालक कोण?"

"मालक बाहेरगावी. गाडी दोन वर्षं उभी होती. म्हणून तर इतकी कमी चालेल शे."

दोन वर्षं उभी असलेली डिझेल गाडी. मी पंपाच्या मोटारी उघडून दुरुस्त करणारा माणूस. मला तिथेच कळायला हवं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगीच नाही. शिवाय नूतन हट्टानं सोबत आली होती आणि तिला ती गाडी आवडली होती. मागच्या सीटवर पाय लांब करून तिनं बघितलं आणि हसली.

"घ्या हीच," ती म्हणाली. "माझ्यासारखीच आहे. वरून बरी दिसते, आतलं देवालाच माहीत."

मीही हसलो.

आता आखाजीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाहेरच्या लोकांना अक्षय्यतृतीया म्हणजे सोनं आणि गाड्या घ्यायचा मुहूर्त. आमच्या खानदेशात आखाजी हा आधी पितरांचा दिवस. मातीची नवी घागर पाण्यानं भरायची. घरातली बाई उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढते आणि एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेते. मग चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. एखाद्या माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. हे सगळं होईपर्यंत त्या घागरीतलं पाणी कुणी पीत नाही. ते त्यांचं.

आम्ही धुळ्याहून निघालो सकाळी नवाला. पारोळा, एरंडोल, जळगाव करत पोचलो साडेबाराला. ऊन असं की डांबर चिकटत होतं. दारात माय उभी. माय म्हणजे माझी आई, शेवंताबाई. पाटावर घागर मांडलेली, ताटं वाढलेली, निखारे तयार. पितर म्हणून बोलावलेले गल्लीतले तोताराम आबा ओसरीवर टेकलेले. फक्त आमचीच वाट होती.

"माय, आधी गाडीची पूजा कर," मी म्हणालो. "मुहूर्त टळेल."

"आरे, पितरं उपाशी हायेत अजून."

"दोन मिनिटांचं काम आहे. त्यांना कुठे जायचंय?"

हे मी बोललो. माझ्या तोंडून गेलं.

मायनं बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. चाकांवर पाणी घालायला तांब्या घ्यायला गेली तर पिंप कोरडं. दोन दिवस नळाला पाणी नव्हतं, आणि होतं ते सकाळच्या स्वयंपाकात संपलेलं. शेजारी मागायला जा म्हणालो तर ऊन. मग तिनं घागरीतलंच तांब्याभर घेतलं आणि चारी चाकांवर ओतलं. नूतन अजून मागच्या सीटवरच होती, ओठ सुकलेले, चेहरा पांढरा. तांब्यात थोडं उरलं होतं.

"घोटभर पाजू का रे तिले?" मायनं मला विचारलं.

नूतनला दिवसाला अर्धा लिटर पाण्याची परवानगी होती. ते मी स्टीलच्या बाटलीतून मोजून द्यायचो. त्या दिवशी प्रवासात तिनं निम्मंही घेतलं नव्हतं.

"पाज," मी म्हणालो.

गाडीत बसल्या बसल्या तिनं ते पाणी प्यायलं. डोळे मिटून, हळूहळू.

उंबरठ्यावर अजून एकही नाव घेतलं गेलेलं नव्हतं.

पहिल्या दोन फेऱ्या सुखात गेल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी आनंदात होतो. एसी सुरू, नूतन मागे पाय पसरून झोपलेली, मला कुणापुढे हात पसरायला नको. गाडीचे बारीकसारीक चाळे होते. सकाळी डी ला टाकली की दोन सेकंद विचार करायची, मग झटका देऊन निघायची. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना पाठीत गुद्दा बसायचा. जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

मग ते बीप.

पुढे माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. नूतन मागे. तरी भुसावळ सोडलं की सीटबेल्टचं बीप सुरू व्हायचं... शेजारच्या सीटचं. कुणी बसलंय आणि पट्टा लावला नाही, असं गाडी सांगायची.

सीटवर पिशवीसुद्धा नसायची.

सेन्सर गेला असेल म्हणून मी रिकाम्या सीटला पट्टा लावून टाकला. बीप बंद. काम झालं.

तिसऱ्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी नूतन मला म्हणाली, "अहो, एक सांगू? मला तहानच लागत नाही हल्ली."

डायलिसिसच्या माणसाला विचारा तहान काय असते. नूतन वेलदोडा चघळायची, बर्फाचा खडा अर्धा तास तोंडात फिरवायची. रात्री उठून ओल्या रुमालानं ओठ पुसायची. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिची तहान गेली होती.

"चांगलं आहे की," मी म्हणालो. मला खरंच बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी बॉनेट उघडलं. कूलंटची टाकी बघितली. म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी असतं ती. धुळ्याहून निघताना ती काठोकाठ होती.

रिकामी...

खाली एक थेंब नाही. पाईप कोरडे, रेडिएटर कोरडा. मी बाटली आणली आणि ओतायला लागलो. एक लिटर गेलं. दोन गेले. टाकी भरेना. आणि आवाज येत होता. पाणी भांड्यात पडतं तसा नाही.

घोट... घोट... घोट...

मग मध्ये थांबायचा. दम घेतल्यासारखा. पुन्हा घोट.

हवा अडकली असेल, मी स्वतःला म्हणालो. तिसरं लिटर गेलं तेव्हा कुठे टाकी भरली.

दुसऱ्या दिवशी जळगावला मशीनला लावण्याआधी नूतनचं वजन केलं. तिथल्या रत्ना सिस्टर स्वभावानं चांगल्या, पण जिभेनं तिखट. काट्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, चार दिवसांत साडेतीन किलो? किती पाणी पिताय?"

"अर्धा लिटर, सिस्टर. तेही संपत नाही."

"काटा खोटं बोलत नाही."

 मी नूतनकडे बघितलं. ती बघणं तिला कळलं.

जळगावातच, मेहरूणला, अभिमन नावाचा मिस्त्री आहे. डिझेलमधला जाणकार. त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घालून सगळं ऐकून घेतलं.

"ईजीआर कूलर," तो म्हणाला. "या डिझेल गाड्यांचं नेहमीचं दुखणं आहे भाऊ. आतून फुटतो, पाणी इंजिनात जळून जातं. बाहेर दिसत नाही."

कूलर बदलला. पाणी तरीही गेलं. हेड गॅस्केट बदललं. पाणी गेलं. प्रत्येक वेळी मी टाकी भरायचो आणि त्याला व्हॉट्सॲप करायचो... आज दोन लिटर. आज तीन लिटर. आज पुन्हा तीन. तो अंगठा पाठवायचा.

मग गिअरबॉक्स बिघडला. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकायची, चाळीसच्या वर पळायची नाही. अभिमननं गिअर ऑइल काढलं आणि मला आत बोलावलं. परातीत जे पडलं होतं ते ऑइल नव्हतं. पांढरट, ताकासारखं.

"यात पाणी शिरलंय," तो म्हणाला. "पण शिरायचा रस्ता मला सापडत नाही. कूलर मी हवा भरून तपासला. सगळं घट्ट आहे."

"मग?"

"मग काय? तीन दिवस गाडी इथे ठेवा. मी पाण्याची खूण करतो, रोज चालवतो आणि बघतो."

त्या तीन दिवसांत टाकीतलं पाणी एक केसभर खाली गेलं नाही.

आणि त्या आठवड्यात आम्ही भाड्याच्या गाडीनं जळगावला गेलो, तर नूतनचं वजन एकच किलो वाढलेलं. रत्ना सिस्टर खुश. "बघा ताई, मनावर घेतलं की जमतं."

याचं श्रेय मी कुणाला दिलं असेल?

स्वतःला. कारण मी त्याच आठवड्यात फ्रिजला कुलूप लावलं होतं आणि पाण्याचा माठ मायच्या खोलीत नेऊन ठेवला होता. आपल्याच घरात, आपल्याच बायकोपासून पाणी लपवलं. तिनं ते निमूट बघितलं. फक्त एवढंच म्हणाली, "माठाला झाकण नीट बसवा, मुंग्या जातात."

गाडी घरी आली. मी टाकी बघितली. रिकामी... मेहरूणहून सावद्याला येईपर्यंत रिकामी. मी भरली. चार लिटर बसलं.

मंगळवारी, अकरा जूनला, नूतनचं वजन साडेचार किलोनं जास्त.

रत्ना सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "दादा, असंच चाललं तर फुप्फुसात पाणी भरेल. मग आमच्या हातात काही राहणार नाही. जरा लक्ष ठेवा."

परतताना नशिराबादच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि तिच्यावर ओरडलो. जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. तुला जगायचंच नाही, हे बोललो. माझा पाय, माझी धावपळ, सगळं काढलं. तुझ्यासाठी मी काय काय करतो, हेही काढलं.

तिनं ऐकून घेतलं. मग आपला सुजलेला हात पुढे करून म्हणाली, "अहो, माझ्या तोंडात थेंब गेलेला नाही. देवाशपथ. पण मला आतून भरल्यासारखं होतं. तुम्ही अंगणात गाडीपाशी असता ना संध्याकाळी... तेव्हाच होतं. कुणीतरी पितं आणि माझं पोट भरतं."

"काहीही बोलू नकोस," मी म्हणालो.

"मी त्याला सांगितलं, बास कर म्हणून. त्याला कळत नाही. फार तहानलेला आहे तो."

"कोण?"

तिनं पुढच्या सीटकडे बघितलं. पट्टा लावलेल्या रिकाम्या सीटकडे.

रक्तात विष साठलं की माणूस भ्रमात बोलतं, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. मी गाडी सुरू केली.

शुक्रवारी संध्याकाळी माय माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"चंदन, मी चुकली रे भाऊ."

"काय झालं?"

"आखाजीले घागरीतलं पानी गाडीले घातलं. ते पितराचं व्हतं. कोनाचं नाव घ्याच्या आंधीच सांडलं. नाव घेतलं असतं तं आपलं मानूस आलं असतं. नावच नाही घेतलं... मंग जो गाडीपाशी व्हता, तो आला."

"माय, गाडीचा कूलर खराब आहे."

"आयकून घे. पितराले सोताचं तोंड ऱ्हात नाही. म्हनून तं आपन कोनाले पाटावर बसाडतो. त्याच्या तोंडानं ते जेवतात, पानी पितात. त्या रोजी पह्यला घोट कोनी घेतला?"

माझी नजर अंगणातल्या गाडीकडे गेली.

"नूतननं घेतला. गाडीत बसून." मायचा आवाज फाटला. "त्याले तिचं तोंड भेटलं रे. तू त्या गाडीत पानी नको घालू. तिले तिच्यात नको नेऊ. तुह्या पाया पडते."

म्हातारी आई पाया पडते म्हणते, आणि मी काय करावं? चिडलो. एकीकडे मिस्त्री, एकीकडे सिस्टर, एकीकडे हे. दुष्काळात तेरावा महिना. उद्या शनिवार, दुसरी गाडी नाही. भाड्याचा गाडीवाला लग्नाच्या वऱ्हाडात अडकलेला. एसटीत नूतन बसूच शकली नसती, दोन पावलं चालली तरी तिला धाप लागत होती.

"तू झोप आता," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मात्र मी टाकीला हात लावला नाही. मायचं ऐकून नाही, राग होता म्हणून.

पंधरा जून, शनिवार. पावसाचा पत्ता नाही. सकाळी अकराला निघालो. नूतनला उचलूनच मागे बसवलं, आडवं होता येईना म्हणून उशांना टेकवून. डिक्कीत पाच लिटरचा सीलबंद पाण्याचा कॅन ठेवला. गाडीसाठी. तिच्या बाटलीत त्या दिवशी पाणी भरलंच नव्हतं, तिनंच नको म्हटलं.

फैजपूरपर्यंत ठीक. आमोदा गेलं. मग तापमानाच्या काट्यानं वर चढायला सुरुवात केली. इंजिन तापत होतं. मी एसी बंद केला, काचा उघडल्या. गाडी तिसऱ्यात अडकली. मग वीसवर आली. मग तापीच्या पुलाअलीकडे, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, अशा ठिकाणी गिअर आपोआप न्यूट्रलला गेला आणि गाडी हळूहळू थांबली.

पावणेबारा वाजले होते.

मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. चाळीस मिनिटं लागतील म्हणाले. दोन ट्रकना हात केला, थांबले नाहीत. मागे नूतनचा श्वास ऐकू येत होता. हुक्क्यात पाणी गुडगुडावं तसा.

भुसावळ नजरेच्या टप्प्यात होतं. दहा मिनिटं. इंजिन थंड झालं असतं, दहाच मिनिटं पळालं असतं तर भुसावळच्या कुठल्याही दवाखान्यात तिला टाकता आलं असतं. त्यासाठी टाकीत पाणी हवं. मला दुसरं काही दिसत नव्हतं. अजूनही विचार करतो, काय दिसायला हवं होतं.

बॉनेट उघडलं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की वाफेचा फवारा तोंडावर येतो, म्हणून मी हाताला टॉवेल गुंडाळून, तोंड फिरवून झाकण फिरवलं.

काहीच आलं नाही.

ना वाफ, ना आवाज. आत बोट घातलं तर कोरडं.

मी कॅनचं सील तोडलं आणि ओतायला सुरुवात केली.

घोट... घोट...

"अहो..."

मागून नूतनचा आवाज आला. बॉनेट उघडं होतं, ती मला दिसत नव्हती.

"आलोच. दोन मिनिटं," मी ओरडलो.

घोट... घोट... या वेळी मध्ये थांबणं नव्हतं. हपापल्यासारखं.

"अहो... ओतू नका..."

मी थांबलो. कॅन निम्मा झाला होता. खरं सांगतो, मी थांबलो. मायचं बोलणं माझ्या डोक्यात आलं.  मी टाकीत बघितलं. अडीच लिटर पाणी ओतूनही टाकी कोरडी होती.

मग मी विचार केला, माझी बायको इथे रस्त्यावर मरते आहे आणि मी भुताखेतांचा विचार करतोय. गाडी सुरू झाली तर ती वाचेल. नाही झाली तर नक्की मरेल. एवढा साधा हिशेब होता.

मी कॅन पुन्हा वाकडा केला.

"ओतू नका... पाया पडते... ओतू..."

पुढचं बुडबुड्यांत गेलं.

कॅन रिकामा झाला आणि टाकी काठापर्यंत भरली. एका क्षणात. आत कुठेतरी एक लांब, समाधानाचा सुस्कारा निघाला. हवा निघाली असेल.

मी लंगडत जाऊन स्टिअरिंगमागे बसलो. मागे बघितलं नाही. चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. काटा खाली आलेला, एकही दिवा पेटलेला नाही. डी ला टाकली, झटका नाही. पुलावरून गाडी अशी गेली की गिअर कधी बदलला ते कळलं नाही. सव्वा महिन्यात ती इतकी छान कधी चालली नव्हती.

"नूतन, पोचलो बघ," मी म्हणत होतो. "पोचलोच."

मागे काही आवाज नव्हता. गुडगुडही थांबली होती.

भुसावळच्या डॉक्टरांनी गाडीतच तिला तपासलं. तोंडाला गुलाबी फेस होता. मागची सीट कोरडी होती. उशा कोरड्या होत्या. ते म्हणाले, फुप्फुसं पाण्यानं भरली. डायलिसिसच्या पेशंटला होतं असं. घरी पाण्यावर नियंत्रण नव्हतं का?

मी म्हणालो, नव्हतं.

दहाव्यानंतर कधीतरी मी तिची डायलिसिसची वही काढून बसलो. प्रत्येक तारखेचं वजन त्यात आहे. मग मोबाइल उघडला आणि अभिमनला पाठवलेले मेसेज काढले. आज दोन लिटर. आज तीन लिटर. आज चार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

दोन्ही आकडे मी पुन्हा पुन्हा जुळवून बघितले. अर्धा-एक किलो तिचं स्वतःचं धरलं, तर बाकी सगळं जुळतं. ज्या तीन दिवसांत मी एक थेंब ओतला नाही, त्या दिवसांतलंही जुळतं.

मायला मी हे दाखवलेलं नाही. ती तेव्हापासून माझ्याशी फार बोलत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

गाडी आता केळीच्या शेडमागे उभी आहे. तीन-चार जणांनी विचारली. एकाच्या घरी वडील अर्धांगवायूनं पडलेले, त्याला ऑटोमॅटिकच हवी होती. चांगला माणूस होता. मी त्याला गिअरबॉक्स गेलाय सांगून वाटेला लावलं. भंगारवाला आला, त्यालाही परत पाठवलं. भंगारात गेली तरी कुणीतरी तिचं इंजिन काढणार, कशात तरी बसवणार आणि त्यात पाणी घालणार. ते कुणाच्या अंगात जाईल, मला माहीत नाही.

तो कोण होता, हेही माहीत नाही. धुळ्याच्या नवलला फोन केले. आधी उचलायचा, आता उचलत नाही.

लोक मला समजावतात. तुला काय कळणार होतं, म्हणतात. तू तर तिला वाचवायलाच धडपडत होतास.

पण तिनं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मला ऐकू आलं होतं.